खमिराचं पाणी

अप्पा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. नुसतं अप्पाच ठेवते.

आज भट्टी बंद आहे. आतल्या विटा ढासळल्यात, मिस्त्री त्या बसवतोय. तुम्ही गेल्यापासून मला दिवसाउजेडी अशी मोकळी बसायला सवडच मिळाली नव्हती. गल्ल्यावर बसलेय, समोर गिऱ्हाईक नाही. तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय. जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाही, आता ऐका.

पाचोडहून तुम्ही शहरात आलात ते एका उस्तादाच्या बेकरीत राबायला. तिथं शिकलात आणि मग पुंडलिकनगरात घरामागं पत्र्याची शेड टाकून स्वतःची भट्टी लावलीत. हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की तुमच्या आवाजासकट पाठ आहे. पण त्यात आई कुठं असायची हो? शेडमध्ये मैद्यात कोपरापर्यंत हात घालून उभी असलेली बाई तुमच्या गोष्टीत एकदाही कशी आली नाही?

आईच मळायची. तुमचं काम पाण्याचं. “खमिराचं पाणी मी बघणार, तू फक्त मळ,” असं तुमचं ठरलेलं. यीस्टला तुम्ही उस्तादासारखं खमीरच म्हणायचात. पाण्यात ते कालवून बादली तिच्यापुढं आणून ठेवायचात. पाणी कुठनं घेतलं, त्यात काय टाकलं, किती वेळ ठेवलं, कुणाला काही सांगायचा नाहीत. मी आत डोकावले तरी हाकलायचात. धंद्याचं गुपित म्हणे! पोटच्या पोरीपासून?

आणि आईचा पाव काय व्हायचा! दाबला की परत वर यायचा. लादी मोडली की आतून वाफ निघायची. लोक दारात येऊन विचारायला लागले, “वैनींनी मळलेला आहे ना?” तेव्हा तुमच्या कपाळावर आठी पडायची, ती मी लहान असून पाहिलीय. मला वाटायचं, भट्टीच्या धगीनं पडते.

मग तो मे महिना आला. समोरच्या वाघमारे काकूंच्या मुलाचा साखरपुडा, संध्याकाळी पावभाजी. रोजचं पीठ आपण पहाटे गारव्यात मळायचो, पण हा जादाचा घाणा दुपारी घ्यावा लागला. वरनं पत्रा तापलेला, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. तुम्ही बादली आणून ठेवलीत आणि गेलात. कुठं गेलात? चौकात, पानाच्या टपरीवर. मीच बोलवायला आले होते, कारण पीठ हलत नव्हतं.

फुगलंच नाही ते. परातीत चिखलासारखं पडून राहिलं. आईनं ओला कपडा टाकून बघितलं, पुन्हा मळून बघितलं. तुम्ही आलात, पिठाला बोट लावलंत. दारात वाघमारे काकू उभ्या, त्यांच्या मागं त्यांचे पाहुणे, दोन-चार गिऱ्हाइकं. तुम्ही सगळ्यांकडं एकदा बघितलंत आणि मग आईला विचारलंत, “बाहेरची हाय का तू?”

“अहो, लोकं हायत,” आई म्हणाली.

“म्हंजे हाय! तरीच खमीर मेलं. लाज नाय वाटत, तसल्या हातानं लोकांच्या अन्नात हात घालायला?”

वाघमारे काकूच तेवढ्या बोलल्या. “भाऊ, असं कुठं असतंय का? बाईमाणसाला चारचौघांत काय विचारताय हे?”

“तुम्हाला नाय कळायचं त्यातलं,” म्हणालात. आईच्या हातावरचं पीठ वाळून तडकत होतं. ती मग मोरीवर गेली आणि हात धुवत बसली. इतका वेळ धुवत होती की मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दाराला पडदा आला. आई गल्ल्यावर. “राणीसारखं बसवलंय तिला,” असं तुम्ही पाव्हण्यांना सांगायचात. मळायला दोन कारागीर ठेवलेत आणि पाव तुमच्या नावानं विकायला लागला. कधी तरी तसा जमायचा, कधी नाही. डिसेंबरात पीठ दुपारपर्यंत उठायचं नाही, तेव्हाही तुम्ही पडद्याआडनं ओरडायचात, “ही आत आली व्हती का?” गल्ल्यावर बसलेल्या बाईची सावली तुमच्या परातीत कशी पडायची हो, अप्पा?

पुढं मी मोठी झाले, तसा तो पडदा मलाही लागू झाला. आईनं मला काही समजावलं नाही, नुसतं म्हणाली, “आत जाऊ नको.” मग मीही माझ्या हातांकडं तसंच बघायला लागले. शाळेत डबा उघडताना, सणाला पुरणाच्या परातीजवळ बसताना. एवढ्या लहान वयात स्वतःच्या हातांची शिसारी! ही तुमची देणगी.

तुम्हाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी बिडकीनच्या कंपनीत नोकरीला होते. कारागीर महिनाभरात निघून गेले. बेकरी विकायची नाही, हे तुम्ही बोबड्या बोलीतही बजावत होता. शेवटी मीच नोकरी सोडली आणि पडदा बाजूला करून आत गेले. तेव्हा तुम्ही मला हाकललं नाहीत. गरज होती ना! गरजेपुढं विटाळ कुठं गेला?

पहिल्याच थंडीत पीठ उठलं नाही. नळाचं गार पाणी घेतलं होतं, बोटं बधिर होत होती. आणि नेमकी माझी पाळी सुरू होती. मी परातीसमोर बसून रडले, अप्पा. चांगली शिकलेली, नोकरी केलेली बाई, आणि मला वाटलं, अप्पांचंच खरं होतं. मग जागा अडायला नको म्हणून ती परात ओढत भट्टीच्या उबेला नेऊन ठेवली आणि ट्रे घासत बसले. ट्रे होईस्तोवर पीठ परातीच्या काठाशी आलं होतं! तेच पीठ, तेच हात, तीच पाळी. फक्त ऊब नव्हती त्याला.

त्यानंतर मी वाचलं, करून बघितलं, थर्मामीटर आणलं. खमीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. कोमट पाण्यात ते जागे होतात, मैद्यातली साखर खातात आणि वायू सोडतात, त्यानं पीठ फुगतं. गारठ्यात निजून राहतात, मरत नाहीत. उष्मा वाढला की भराभर फुगवतात, आणि वेळेत भट्टीत घातलं नाही तर पीठ आंबून खाली बसतं. आणि चटका बसेल अशा पाण्यात टाकले की मरतात. बाईच्या अंगाला काय चाललंय, याची त्यांना दखलही नसते. ती घेणारे तुम्ही होता.

तरी मी तेव्हा तुम्हाला मनातून सोडून दिलं होतं. म्हटलं, जुना माणूस, ठाऊक नव्हतं बिचाऱ्याला. अडाणीपणावर किती दिवस चिडायचं?

मग उन्हाळा आला. तुम्ही खाटेवर, मी तुमच्या उशाशी चहा घेत होते. दुपारी घाणा घ्यायचाय असं म्हणाले आणि तुम्ही सहज, अगदी सहज म्हणालात, “टाकीचं पाणी घेऊ नको. पत्र्यावरची टाकी, कढत असतंय. खमीर मरंल. बर्फ टाक त्यात.”

मी कप खाली ठेवला. “अप्पा, हे तुम्हाला कधीपासनं माहीत आहे?”

“हे व्हय? उस्तादाकडं पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो. तो चापट मारायचा, गरम पाणी घेतलं की.”

“मग वाघमारे काकूंकडच्या साखरपुड्याला?”

तुम्ही भिंतीकडं बघितलंत. मग म्हणालात, “त्या दिशी पानाच्या नादात बर्फ आणायचा राहून गेला माझ्याकडनं.”

“आणि आईला बोललात ते?”

“लोकं उभी व्हती दारात. काय सांगणार व्हतो त्यांना? आता जुनं काय उकरतीस? दूध आण जा.”

तुम्ही तोंड फिरवलंत म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. दूध आणायची गरज नव्हती. आई वाटी घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत आली, तुमची मान उचलली आणि एकेक चमचा तुम्हाला भरवला. तुम्ही प्यायलात! त्याच हातानं. तोंडातनं एक शब्द फुटला नाही तुमच्या. ‘चुकलं’ एवढाच तर शब्द. बर्फाचं सांगायला जीभ वळली, चहात साखर कमी पडली की वळायची, मग या एका शब्दालाच कशी अडली? मी वाट बघत होते. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात, तरी मी वाट बघत होते.

गेल्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाचोडचे काका आले होते, समोरच्या वाघमारे काकूही होत्या. जेवणं झाल्यावर ते सुरू झाले, “दादाच्या हाताला गुण व्हता. अन् वैनीला कधी भट्टीची धग लागू दिली नाय. असा नवरा मिळाया नशीब लागतंय.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली. पदरानं हात पुसत, नेहमीच्याच आवाजात. “त्या दिवशी पाणी कढत होतं, भाऊजी. मी म्हणलं त्यांना, हात पोळतोय. ते म्हणले, तू मळ. आन् मला त्या दिवशी काय बी नव्हतं. असतं तरी काय झालं असतं?”

काकांना काहीच कळलं नाही. “कशाचं पाणी, वैनी?”

वाघमारे काकूंना मात्र कळलं. त्या उठून आईशेजारी येऊन बसल्या. मग आईनं सगळ्यांना पहिल्यापासून सांगितलं. बर्फाचं, टपरीचं, पडद्याचं. कुणी तिला थांबवलं नाही. काका पानाचं तबक पुढं ओढून सुपारी कातरत बसले.

मला वाटलं होतं, आता ती येईल शेडमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात धुऊन ठेवली, पाणी कोमट केलं आणि तिला हाक मारली. ती पडदा नसलेल्या दारात येऊन उभी राहिली.

“नको गं मनू,” म्हणाली. “राग नाय. पण आवडच राहिली नाय मला त्याची. पिठाचा वास आला की तो दिवस येतोय पुढं.”

हे केलंत तुम्ही. पाव तर कुणीही भाजतं. पण तिला जे जीवापाड आवडायचं, ते तुम्ही टपरीवर रंगलेल्या एका पानापायी मारून टाकलंत. पीठ पुन्हा मळता येतं. हे मला परत आणता येत नाही, आणि म्हणून मी तुम्हाला माफ करणार नाही. कुणी कितीही सांगू दे.

आता माझ्याकडं गल्लीतल्याच बाया कामाला येतात. तुम्हाला वचन द्यायची माझी इच्छा नाही, पण तुमच्याच समोर बोलायला हवं म्हणून बोलते. खमिराचं पाणी मी त्यांच्या देखत करीन आणि त्यांच्या हातून करून घेईन. काही झाकून ठेवणार नाही. आणि ज्या दिवशी पीठ बिघडेल, त्या दिवशी दारात कितीही माणसं उभी असोत, मी बाहेर येऊन सांगेन, “आज माझ्याकडनं बिघडलं.”

मनीषा