न्हाणीघराचा झरोका बुजवू नये

मी, खाली सही करणारी, वकिलाच्या कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका, विधवा, या घराची एकटी मालकीण, पूर्ण शुद्धीवर राहून, स्थिर बुद्धीने, कुणाच्याही धाकाला, दबावाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते की:

बुद्धी स्थिर असल्याचं वाक्य मी नोकरीत दुसऱ्यांसाठी टंकून टंकून बोटं झिजवली. ते कधी कुणी नीट वाचत नसे. सगळ्यांचे डोळे पुढच्या कलमाकडे. आता मात्र ते सिद्ध करून दाखवायची वेळ माझ्यावरच आली, आणि ती आणली माझ्या पोटच्या पोराने. म्हणून हे वाक्य सर्वांनी पुन्हा एकदा, सावकाश वाचावं. कचेरीत मला बिनचूक बाई म्हणत, आणि खालच्या मजकुरातही चूक सापडणार नाही.

कलम १. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्याची एक प्रत माझ्या थोरल्या मुलाकडे आहे. त्याने ती फाडावी, नाहीतर कपाटाच्या खणात अंथरावी. कागद चांगला जाड आहे.

कलम २. मिळकतीचं वर्णन. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर, वर सपाट गच्ची. घर जुनं आहे पण कुठेही ओल नाही, आणि ते आपोआप झालेलं नाही. माझे यजमान दर पावसाळ्याआधी आणि दर थंडीआधी घराची फेरी काढत. हातात हातोडी घेऊन ते पुढे, भिंत ठोकत, पोकळ आवाज आला की थांबत. मागे मी, बादली आणि फडकं घेऊन. सगळ्यांत मागे त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. तिचं काम आम्हा दोघांच्या चुका काढायचं. पावसाआधी गच्चीच्या पन्हळींतला पाला काढायचा, तडे बुजवायचे, ओल येईल तिथलं विजेचं बटण तपासायचं. थंडीआधी गॅसची नळी बदलायची, हीटरजवळचे पडदे बाजूला करायचे, धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्याची बॅटरी बदलून तो एकदा वाजवून बघायचा. आणि न्हाणीघराच्या झरोक्यात हात घालून वारा लागतो का ते पाहायचं. यजमान गेले तेव्हा हातोडी मी घेतली. फेरी एकदाही चुकली नाही.

कलम ३. जे घडलं ते. मुलांनी याची वेगळीच कथा करून ठेवली आहे, म्हणून इथे नोंदवते.

माझी नणंद, जिला मी आजवर वन्सं म्हणते, आमच्याकडेच राहते. बालवाडीत शिकवायची, लग्न केलं नाही, भावाच्या घरात एक कॉट आणि एक ट्रंक एवढाच तिचा संसार. आमचं कधी पटलं नाही. मीठ जास्त का कमी, खिडकी उघडी का बंद, कशावरूनही जुंपते. तिला अंघोळीला फार वेळ लागतो. रोज मी दारावर थाप मारते, "वन्सं, निघता का, का दार फोडून बाहेर काढू?" आणि रोज आतून येतं, "फोड बाई, फोड! तेवढंच राहिलंय!" हे घरातल्या सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलेलं आहे.

गेल्या थंडीआधीची फेरी झाल्यावर थोरला येऊन गेला. आम्ही दोघी दुकानात गेलो होतो. म्हाताऱ्या बायकांना न्हाणीघरात गार वारा लागतो म्हणून त्याने झरोका फोम मारून बुजवला, वरून भिंतीच्या रंगाचा हात दिला आणि मला न सांगता निघून गेला. आईला तेवढंच सुख, असं त्याच्या मनात होतं. त्याने ते मायेपोटी केलं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. असा गीझर जळताना खोलीतली हवा खातो, आणि बाहेरची हवा आत आली नाही तर विषारी वायू साठतो. त्याला ना वास, ना रंग. झरोका होता तो त्यासाठीच.

रविवारी सकाळी मी रोजच्यासारखी थाप मारली. आतून पाणी पडत होतं, उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. आमच्या घरात काहीही होऊ शकतं, पण वन्संनी मला उलट उत्तर दिलं नाही असं होऊ शकत नाही. मी हातोडी आणली, दाराच्या वरच्या भागातली काच फोडली, हात घालून कडी काढली, गीझर बंद केला आणि तिला काखेत धरून बाहेर ओढलं. मागचं दार सताड उघडलं. मग तिचं डोकं मांडीवर घेऊन एका हाताने गालांवर चापट्या मारत बसले. दुसऱ्या हातातली हातोडी खाली ठेवायचं मला सुचलंच नाही.

नेमकी त्याच वेळी मुलं जेवायला आली. काचांचा खच, आत्या ओलीचिंब जमिनीवर, आणि आई हातोडी घेऊन तिच्या थोबाडीत मारते आहे. माझी धाकटी लेक किंचाळली, "आई, काय केलंस हे!" मी म्हटलं, "रुग्णवाहिका बोलव, मग किंचाळ." तेवढ्यात वन्संनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाली, "हिने मला मारलं."

इथूनच सगळं बिघडलं. इस्पितळात सांगितलं की रक्तात विषारी वायू सापडला. थोरला म्हणाला, गीझर जुना झाला असेल. घरी येऊन मी स्टुलावर चढले, झरोका चाचपला, रंग खरवडला आणि पिवळा फोम उपसून त्याच्या हातात दिला. त्याने तो गोळा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी आत्याला मारायला निघालो होतो, असं म्हणायचंय तुला?" मी तसं म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आपण चुकलो यापेक्षा आई भ्रमिष्ट झाली हे मानणं त्याला सोपं वाटू लागलं. आई स्टुलावर चढते, आई काचा फोडते, आई भिंती खरवडते. दलाल येऊन खोल्या मोजून गेला. बेत असा की घर विकायचं, मला थोरल्याच्या मागच्या खोलीत ठेवायचं आणि वन्संना वृद्धाश्रमात. घर माझ्या नावावर, म्हणून आधी माझं डोकं बिघडलंय असा दाखला हवा होता. त्यासाठी तो डॉक्टर घेऊन आला.

फोम मारला याचा मला राग नाही. मला विचारायच्या आधी त्याने डॉक्टरला विचारलं, याचा आहे, आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम ४. सदर डॉक्टरांबद्दल. त्यांनी मला आज वार कोणता, ऋतू कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असं सगळं विचारलं. मी सांगितलं. मग मी विचारलं, "तुमचा गीझर न्हाणीघरात आहे का बाहेर?" ते म्हणाले, "आतच आहे." "झरोका?" ते उठून घरी फोन लावायला अंगणात गेले. परत आल्यावर त्यांनी थोरल्याला सांगितलं की आईचं डोकं शाबूत आहे; तसं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. माणूस भला आहे.

कलम ५. घर. पहिल्या मसुद्यात मी सगळं घर वन्संच्या नावे लिहिलं होतं. मुलांची जिरवायची हा एक हेतू, आणि तिला हक्काचं छप्पर असावं हा दुसरा. तिने चष्मा लावून तो मसुदा वाचला आणि अर्थातच खोट काढली.

"यावर साक्षीला कोण, वहिनी?"

"डॉक्टर आणि कोपऱ्यावरचा शिंपी."

"शिंप्याने काय पाहिलंय? दाराच्या आत मी होते."

"तुम्हाला सही करता यायची नाही, वन्सं. ज्याला मृत्युपत्रातून घर मिळतं त्याची साक्ष कुणी धरत नाही."

"मग घर नको."

"आणि राहणार कुठे?"

"ते पुढचं पुढे बघू. तुला वेडी म्हणतात आणि मी गप्प बसू? उद्या हा पोरगा कोर्टात उभा राहून सांगेल, आत्याच म्हणाली होती मारलं म्हणून. बोलले मी, निस्तरणार पण मीच. खोड ते नाव."

तिला उभ्या आयुष्यात कुणी घर देऊ केलं नव्हतं. जे पहिल्यांदा दिलं गेलं ते तिने माझं डोकं शाबूत आहे हे सांगणाऱ्या एका सहीसाठी सोडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरत नव्हते, हेही नमूद करते.

पण मी काही कचेरीत नुसती पाट्या टाकत नव्हते. मृत्युपत्रातून मिळणाऱ्याची साक्ष चालत नसेल, तर मी जिवंतपणीच देईन. अर्धं घर आणि सगळ्या घरात तहहयात राहण्याचा हक्क मी बक्षीसपत्राने वन्संना देऊन टाकला आहे. नोंदणी झाली, पावती मिळाली. या कागदातून तिला सुतळीचा तोडाही मिळत नाही, तेव्हा सही करायला ती मोकळी आहे. त्या अर्ध्याचं ती पुढे काय करेल हे मी विचारणार नाही, आणि विचारलं तरी ती सांगायची नाही.

कलम ६. उरलेलं अर्धं घर थोरला आणि धाकटी यांना समसमान. अट एकच. वर्षातून दोनदा दोघांनी फेरीला यायचं. झरोक्यात हात थोरल्यानेच घालायचा आणि वारा लागतो का ते आत्याला मोठ्याने सांगायचं. गीझर मी आता बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतला आहे, तरी हात घालायचाच. आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणून जो या कागदाविरुद्ध कोर्टात जाईल, त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल. दोघंही गेली तर अग्निशमन दलाला. त्यांना निदान दार फोडल्याबद्दल कुणी वेडं म्हणत नाही.

कलम ७. किरकोळ वस्तू. शिडी धाकटीला. खाली धरायला माणूस असल्याशिवाय तिने पहिल्या पायरीवरही पाय ठेवू नये. टंकयंत्रही तिलाच, तिचं अक्षर वाईट आहे. फोमचा पिवळा गोळा बरणीत घालून ठेवला आहे, तो थोरल्याला. त्याने तो दिसेल अशा जागी ठेवावा. त्याच्यावर माझा जीव आहे, हेही त्याच बरणीवर लिहून चिकटवलं आहे. हातोडी कुणालाच नाही, कारण ती मी आज सकाळच्या फेरीत वन्संच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि म्हणाली, दांडा सैल झालाय, तुझं लक्षच नसतं.

कलम ८. मी गेल्यावर दारं-खिडक्या लावून रडत बसू नये. दिवा, उदबत्ती जे काही लावाल ते पडद्यापासून लांब लावावं आणि निघताना गॅस बंद आहे ना ते पाहावं.

वरील मजकूर मी स्वतः टंकला, वाचला आणि तो मला मान्य आहे. पहिल्या मसुद्यातली खाडाखोड वगळता यात खाडाखोड नाही.

ठिकाण: याच घराची मागची पायरी.
दिनांक: यंदाच्या पावसाआधीची फेरी झाली तो दिवस, दुपार.

मृत्युपत्र करणारीची सही: बिनचूक बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. यांनी माझ्यासमक्ष सही केली. मीही त्यांच्यासमक्ष केली. घरचा गीझर बाहेर काढल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

साक्षीदार दुसऱ्या: नणंद. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिणार म्हणाल्या, लिहू दिलं:

"बंद दाराच्या आत मी होते. दार फोडणारी वहिनी तेव्हा वेडी नव्हती आणि आजही नाही. तिने मला मारलं हे खरं आहे, म्हणूनच मी ही सही करायला जिवंत आहे. मात्र मला अंघोळीला फार वेळ लागतो असं कलम तीनमध्ये लिहिलं आहे, ते मला मुळीच मान्य नाही."