भरून टाकलेला दंड

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

नोकरी सुटली आणि बँकेतल्या ओव्हरड्राफ्टवर दंड लागला. त्या दंडानं खातं आणखी खाली गेलं, म्हणून पुन्हा दंड. तुम्ही शिकवलंय, आधी देणं चुकतं करावं, मग भांडावं. म्हणून गोल बाजारात आईचे डूल मोडून सारा दंड भरला आणि मग तो परत मागायला बँकेत गेले.

तिथले साहेब म्हणाले, “दीदी, छूट तो परेशानी वालों के लिए है. आपने तो पूरा भर दिया.”

घरी आल्यावर शेजारच्या इंदूमावशी हे ऐकून म्हणाल्या, “काहून भरलं व पोट्टी?”

घरभाडं अजून राहिलंच आहे. हे पत्र टाकणार नाही. वाचून तुम्ही म्हणाल, बरोबर केलंस. ते मला आज ऐकवणार नाही.

तुमची,
ज्ञानदा