मागची चाकं

प्रिय योगराज,

पत्र खोक्याच्या वरच चिकटवलंय, म्हणजे आधी हेच तुझ्या हाती लागेल. आधी वाच, मग खोका उघड. फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू ‘हो ताई, बरं आहे’ म्हणून मोकळा होतोस. मग मीही मामांची पिठाची गिरणी कशी चालली आहे एवढंच विचारते आणि फोन ठेवते. जे बोलायचं ते तसंच राहतं. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे, सांभाळून घे.

इकडे सुरतेत, नवागामात सगळं जागच्या जागी आहे. तुझे दाजी लूमवरची रात्रपाळी करून येतात, चहा पितात आणि झोपतात. मी दारात साड्यांचा ढीग घेऊन स्टोन चिकटवत बसते. बिल्डिंगच्या मागे तू फुटक्या फरश्या आणि दगड रचून जो डोंगर केला होतास, तो अजून कोणी हलवलेला नाही. परवा मनीषावहिनी त्याच्यावर गोधडी वाळत घालत होत्या. मला म्हणाल्या, तुमचा दगडांवर गाडी चढवणारा भाऊ कधी येणार? मी म्हटलं, येईल. त्यांना म्हटलं खरं, पण घरात येऊन बराच वेळ साडीला हात लावला नाही.

तू ती रिमोटची गाडी पहिल्यांदा घरी आणलीस तेव्हा मी काय काय बोलले होते, आठवतं? एवढी मोठाली चाकं, एवढी दणकट मोटर, आणि चालते कशी, तर मुंगीच्या पावलांनी. तू मात्र न चिडता समजावत बसलास. ही पळायची गाडी नाही ताई, ही चढायची गाडी आहे. चाक दगडाला धरून राहिलं पाहिजे, घसरलं की संपलं. मग माझ्या उशीतला फोम कापून टायरमध्ये भरलास, आणि दाजींच्या कारखान्यातल्या भंगारातले पितळी बुश वजनासाठी पुढच्या चाकांत बसवलेस, चढणीवर गाडीचं तोंड वर उचललं जाऊ नये म्हणून. उशीवरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. पण संध्याकाळी तुझी गाडी त्या उभ्या फरशीवर चढली, तेव्हा सगळ्यात आधी टाळी मीच वाजवली.

मग तुझ्या डोक्यात मागच्या चाकांनी घर केलं. पुढची चाकं सगळ्यांचीच वळतात, माझी मागचीही वळतील, म्हणालास. पुढे असतो तसलाच आस मागेही बसवलास, त्याला वेगळी छोटी मोटर जोडलीस, आणि रिमोटवर अंगठ्याखाली तिचं बटण आणलंस. पुढची चाकं डावीकडे, मागची उजवीकडे, आणि गाडी जागच्या जागी वळायला लागली, आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी वळते तशी. चाक जेवढं वळू शकतं त्याहून जास्त वळवायला गेलं की ती मोटर गुरगुरायची. तो आवाज तुला नीट कळायचा नाही, मिलमधल्या मशिनींनी तुझे कान बधिर केलेले. म्हणून मला हाक मारायचास. ताई, गुरगुरतंय का? मी साडी खाली ठेवून कान लावायची. अजून थोडं कमी कर, म्हणायची. तू रिमोटवर कमी करायचास. गाडी गप्प झाली की आपण दोघं हसायचो. योगराज, माझ्या आयुष्यात मला असं महत्त्वाचं काम दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

खंडेनवमीच्या दिवशी दाजींचे पाने, माझी शिलाई मशीन, कात्री, सगळं पाटावर मांडलं. तू गाडीही आणून ठेवलीस, आणि बजावलंस की हिच्यावर पाणी नको, हळद-कुंकू नको, फक्त एक फूल ठेव. मी फूलच ठेवलं. पण तू आंघोळीला गेलास आणि मला राहवलं नाही. हत्याराची पूजा करायची आणि चार अक्षता टाकायच्या नाहीत, हे काही मनाला पटेना. पाणी तर घालत नाही ना, असं म्हणून कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची चिमूट मागच्या चाकांवर टाकली. मागच्याच, कारण नवीन तीच होती, आणि माझी सगळी काळजी तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी कामरेजला भाईदासकाकांच्या शेतावर असल्या गाड्यांच्या स्पर्धेला किती माणसं जमली होती. तुझी गाडी एकेका झेंड्यांच्या जोडीतून काठीलाही न लागता निघत होती, आणि काका शेजारच्याला म्हणत होते, ‘एनो हाथ सारो छे,’ याचा हात चांगला आहे म्हणून. बेंगळूरच्या त्यांच्या नव्या वर्कशॉपसाठी त्यांना गाड्या बांधणारा माणूस हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या कपारीत गाडी एका अंगावर कलली, तू अंगठा दाबलास, आणि मागची चाकं अर्धी वळून थांबली. मला तिथवर ऐकू आलं. गुरगुर. मग गाडी उलटी झाली. ‘काय व्हयनं रे भाऊ?’ म्हणत मी धावले, तर तू काकांना सांगत होतास की मागची जोडणी माझी आहे, तीच चुकली. एवढ्या माणसांत तू खाली मान घालून उभा होतास.

घरी आल्यावर तू गाडीकडे बघितलंही नाहीस. चिखल मी पुसायला घेतला. मागच्या डाव्या चाकाच्या सांध्यात एक लाल दाणा पक्का अडकून बसला होता. स्टोन उचलायच्या चिमट्याने तो काढला आणि हाताने चाक फिरवून पाहिलं. पुरतं वळलं. तू चार हातांच्या अंतरावर भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी दाणा मुठीत घेतला आणि तुला म्हटलं, जाऊ दे, नाही ते उद्योग सोड आता, मिल बरी आहे.

घाबरले म्हणून गप्प बसले असं लिहिलं तर तुला पटेल, पण ते खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. तू बेंगळूरला गेला असतास तर दिवसभर या घरात माझ्याशी बोलणारं कोण होतं? तुझं नशीब माझ्या मुठीत होतं आणि मी मूठ उघडली नाही. आणि झालं काय, तर तू मिलही सोडलीस, सुरतही सोडलीस, आणि दोंडाईच्याला जाऊन पिठात हात घालून बसलास. ज्यासाठी तोंड शिवलं, तेही हाती लागलं नाही. वर तू मामांना म्हणालास म्हणे, की मला यातलं काही येत नाही. ते ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही. तुला येतं, योगराज. सगळं येतं. चुकलं ते माझ्या हातून.

म्हणून परवा मी गाडी घेऊन एकटी कामरेजला गेले. भाईदासकाकांना सगळं सांगितलं, अगदी मुठीचंही. त्यांनी नुसतं त्या कपारीकडे बोट केलं. रिमोट मीच धरला. गाडी दोनदा दगडावरच अडली. मग तिसऱ्यांदा मी अंगठा दाबला आणि कान लावला. काही गुरगुरलं नाही. मागची चाकं पुरती वळली आणि गाडी झेंड्यांमधून बाहेर आली. काका म्हणाले, बेंगळूरची जागा अजून तुझीच आहे, ते होळीपर्यंत थांबायला तयार आहेत. गाडी खोक्यात आहे, जोडणी तशीच तुझी आहे, मी कशाला हात लावलेला नाही. मला माफ कर, नाहीतर नको करूस, पण बेंगळूरला जा. जाताना फक्त सुरतेवरून जा. दारात एकदा उभा राहा. अक्षता यावेळी तुझ्या डोक्यावर टाकते.

तुझीच,
चंचलताई