तळ्याकाठचे रान आणि खव्याची भट्टी

मी, धुरपदाबाई उत्तरेश्वर शेळवणे, वय वर्षे एकसष्ट, धंदा शेती व खवा, मध्यंतरी सात वर्षे आमदार व त्यातले नऊ महिने राज्यमंत्री, राहणार हिवरदरा, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने अगर भिडेने नव्हे तर आपल्या खुशीने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. या वर्षात छातीत दोनदा कळ येऊन गेली. डॉक्टर महालिंगप्पा यांनी आज सकाळी नाडी पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा जाग्यावर हाय." दाखल्यात हेच वाक्य लिहा म्हटले तर त्यांनी लिहिले नाही. दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणात कोणाला काही देईन म्हणाले असेन तर ते मृत्युपत्र समजू नये.

कलम १. या कागदाची अंमलबजावणी बब्रुवान ओव्हाळ गुरुजी यांनी करावी. गुरुजी आमच्या गावच्या शाळेत एकोणसत्तर सालापासून आहेत. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सगळे त्यांच्याकडून.

बहात्तरच्या दुष्काळात मी भूमच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होते. तिथे दोनशे बाया होत्या, पाणी नव्हते, आणि लेकरे उन्हात खडीच्या ढिगाशेजारी निजत. गुरुजींनी टँकरसाठी अर्ज लिहून दिला, आणि मोठे साहेब येणार त्या दिवशी आम्ही बाया रस्त्यावर बसलो. साहेबांनी जीपमधून विचारले, "तुमचं नेतृत्व कोण करतंय?" नेतृत्व म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नव्हते. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, कारण मी सर्वांत पुढे होते. पुढे होते त्याचे कारण एवढेच की तिथे बाभळीची सावली होती. आता उठून मागे जाणे बरे दिसले नसते, म्हणून बोलले. "साहेब, तुमच्या पाण्याची पिशवी जीपला टांगल्याली हाय. तेवढीच आमच्या लेकरांस्नी द्या, मग पुढं जावा." साहेबांनी पिशवी काढून दिली. तिसऱ्या दिवशी टँकर आला. माझी राजकारणातली सुरुवात ही अशी झाली. वर्तमानपत्रांत निराळे छापून आले आहे, ते खरे नव्हे.

चौऱ्याहत्तर साली आम्ही बायांनी दुधाची सोसायटी काढायचे ठरवले. त्यासाठी तालुका दूध संघाची शिफारस लागत असे. संघाचे चेअरमन आबाराव नलवडे म्हणाले, "बाई, अंगठ्यांची सोसायटी होत न्हाय. आधी सह्या आणा." कायद्यात असे काही नव्हते हे मला आमदार झाल्यावर कळले. त्या वेळी मात्र गुरुजींनी शाळेच्या व्हरांड्यात पाट्या मांडल्या. पहिल्या दिवशी काही बाया गुरुजींकडून हात धरून गिरवून घ्यायला लाजल्या. काहींचे कारण लाजेचे नव्हते, गुरुजी बौद्धवस्तीतले म्हणून होते. मी त्यांना म्हणाले, "त्यांचं अक्षर चालतं तर हात का चालत न्हाय?" आणि माझा हात पुढे केला, मला सही येत असून. पाच आठवड्यांत त्रेचाळीस सह्या झाल्या. आबारावांनी कागद उलटून पालटून पाहिला आणि शिफारस दिली. देताना एवढेच म्हणाले, "अक्षर माझ्यापेक्षा बरं हाय."

अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीला त्याच आबारावांच्या विरुद्ध उभी राहा, हा सल्लाही गुरुजींचाच. माझ्या हातून राजकारणात चांगले झाले असेल त्यात त्यांचा अर्धा वाटा धरावा. वाईट झाले ते मी त्यांना न विचारता केले. माझी पुस्तके, विधानसभेतली कात्रणे आणि लाकडी कपाट गुरुजींना द्यावे. कपाटाचे दार लागत नाही, ते सुताराकडून करून घेऊन मग द्यावे.

कलम २. तळ्याकाठचे पाच एकर रान. हे मी त्र्याऐंशी साली माझ्या नावावर विकत घेतले असून त्यात कोणाचा हिस्सा नाही. ते माझे यजमान उत्तरेश्वर यांनी हयातभर करावे व त्यांच्या मागे मुलगा मच्छिंद्र याच्याकडे जावे. अट एकच. त्या रानातून पाण्याकडे जाणारी गुरांची वाट कोणी कधी बुजवू नये, की तिला फाटक लावू नये.

हे रान यजमानांना का, ते लिहिणे भाग आहे.

आमदार झाल्यावर पहिले काम मी पाझर तलावाचे धरले. ओव्हरसियरने दोन जागा दाखवल्या. वरची जागा खिंडीत होती. तिथे बौद्धवस्तीतल्या सहा घरांनी गायरानातले दगड वेचून पंधरा वर्षांत जमीन केली होती, आणि ती नुकतीच त्यांच्या नावावर झाली होती. खालच्या जागेवर तळे मोठे होत होते, पण त्यात आमचे सात एकर काळे रान विहिरीसकट बुडत होते. तालुक्यात आबाराव सांगत फिरत होते, "बाईचं तळं बाईच्या रानाला वळसा घालूनच जाणार."

रान यजमानांच्या नावावर होते, त्यामुळे संमती त्यांची लागत होती. ते म्हणाले, "ती हीर माझ्या बापानं खांदली. तुझ्या आमदारकीपायी मी ती बुडवू का?" मी म्हणाले, "मी काही सांगत न्हाय. तुम्ही वर खिंडीत जाऊन एकदा बघून या. मग तुम्ही म्हणाल तसं."

ते सकाळी गेले आणि दुपारी परत आले. वर त्यांना सरुबाई नावाची म्हातारी भेटली होती. ती बांधावर दगड रचत होती. तिने त्यांना पाणी दिले आणि विचारले, "मालक, तळं हितंच व्हणार म्हनत्यात. म्या तूर आत्ताच काढून घिऊ, का वाळू दिऊ?" तिने विनवणी केली नाही. यजमानांनी मला एवढे सांगितले, कागद मागितला आणि सही केली.

त्यानंतर अकरा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जे सांगायचे ते गाईला सांगत. "कपिले, आज माझ्या भाकरीला तूप नगं." मग मीही गाईलाच उत्तर देई. मुंबईला विधानसभेत 'अध्यक्ष महाराज' म्हणायची सवय लागली होती. एकदा घरी आल्यावर यजमानांना तेच म्हणाले. त्यांना हसू आले, पण अबोला मोडायचा नव्हता, म्हणून उठून गोठ्यात गेले. गोठ्यातून हसण्याचा आवाज आला तो मी ऐकला आहे. ते नाकबूल करतात.

ऐंशी साली तळे भरले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी मागे सरले, तेव्हा यजमान काठावर जाऊन गाळ हातात घेऊन बघत बसले. त्याच्या आधीच बोलायला लागले होते, पण कामापुरते. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "धुरपदा, तिथं टरबुजं लावावीत का?" तेव्हापासून दर वर्षी लावतात आणि आलेल्या-गेलेल्याला खाऊ घालतात. त्यांच्या टरबुजांवर कोणी आंबट म्हणून टीका करू नये.

कलम ३. खव्याची भट्टी, चार चुली, कढया, पत्र्याची शेड आणि शेडखालची जागा. हे सर्व मी इरम्मा गुंडप्पा हिला देत आहे. ती माझी नात्याने कोणी नाही. कज्जा निघाला तर याच कलमावर निघेल, म्हणून स्पष्ट लिहिते.

इरम्मा जळकोटकडची. दुष्काळी कामावर नवऱ्याबरोबर आली. नवरा हिवतापाने गेला आणि ती इथेच राहिली. पाऊसपाणी झाल्यावर गावात दूध झाले, पण एसटी एकच, आणि भूमला पोहोचेपर्यंत दूध नासे. इरम्मा म्हणाली, "अक्का, आटवू की. आटल्यालं पळत न्हाय." तिच्या आईने लग्नाघरी स्वयंपाक करताना खवा केलेला तिने पाहिला होता. पहिल्या कढईचा कोळसा झाला. दुसरीचा खवा मी स्वतः डोक्यावर नेऊन परंड्याच्या हलवायाला दाखवला. त्याने चिमूट तोंडात टाकली आणि उद्या किती आणाल ते विचारले. पुढे आमचा खवा कुर्डुवाडीहून रेल्वेने सोलापूर-पुण्याला जाऊ लागला. लोक मला 'खवेवाली आमदारीण' म्हणत. विरोधक हिणवायला म्हणत आणि आम्ही तेच नाव प्रचाराच्या टेंपोवर रंगवून घेतले.

पंच्याऐंशीला मी आबारावांकडून पडले. मतमोजणी भूमला होती. अकराच्या सुमाराला निकाल कळला, आणि माझ्यामागे असलेली माणसे अशी पांगली की चहाचे कप तसेच राहिले. मी एसटीने गावी आले. घरात कोणाला तोंड दाखवावेसे वाटेना, म्हणून भट्टीकडे गेले. चारही चुली पेटलेल्या होत्या. कामाच्या बाया निकालाला गेलेल्या, आणि इरम्मा एकटी या कढईपासून त्या कढईला पळत होती. मला बघून म्हणाली, "पडलाव म्हनं." मी व्हय म्हणाले. ती म्हणाली, "मग पदर खोचा की. दूध थांबत न्हाय." मी पदर खोचला. दिवे लागेपर्यंत दोघींनी उलथणी चालवली आणि त्या दिवशी मला रडायला वेळ मिळाला नाही. माझ्यावर एवढा मोठा उपकार दुसऱ्या कोणी केलेला नाही.

मच्छिंद्रला ही वाटणी पसंत नव्हती. महिन्यापूर्वी तो म्हणाला, "आई, पोटच्या पोराला सोडून कामाच्या बाईला? लोक काय म्हणतील?" मी विचारले, "तू भट्टीचं काय करशील?" तो खरे बोलणारा आहे, म्हणाला, "बंद करीन आणि तिथं सिमिटाची एजन्सी टाकीन." मी म्हणाले, "मग तुला जागा पाहिजे, भट्टी न्हाय. जागा मी दुसरी देते." त्यावर तो आठ दिवस फुगून होता. नवव्या दिवशी इरम्माने नेहमीप्रमाणे त्याच्या पोरांसाठी गरम खवा पाठवला. त्याने तो खाल्ला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "माझ्यानं असला व्हणार न्हाय. दे तिला."

कलम ४. म्हणून भूमच्या रस्त्याकडेचा माझ्या नावचा प्लॉट आणि दोन्ही टेंपो मच्छिंद्रला दिले आहेत. त्याने सिमेंट विकावे, त्यात वाळू मिसळू नये. राहते घर यजमानांचे आहे, त्यावर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमदारकी ही माझी मालमत्ता नव्हती, म्हणून वाटणीत धरलेली नाही. मच्छिंद्रला उभे राहायचे असेल तर त्याने खुशाल राहावे, पण माझा फोटो लावून मते मागू नयेत. त्याचे स्वतःचे तोंड चांगले आहे.

कलम ५. बँकेत आहे ते सोसायटीच्या बायांच्या दवाखान्यासाठी. मंत्री असताना मिळालेल्या शाली गावातल्या बाळंतिणींना वाटाव्यात. त्या उबदार आहेत. समारंभात घामाशिवाय मला त्यांचा काही उपयोग झाला नाही. माझ्या नावाने पुतळा, कमान, चौक काही करू नये.

कलम ६. आबाराव नलवडे यांच्याबाबत. तळ्याचे उद्घाटन मी अधिवेशनाला गेले असताना त्यांनी स्वतःच्या हाताने उरकले आणि स्वतःच्या नावाचा दगड बसवला. सात वर्षे मी तो दगड काढायचा विचार करत होते. तो आता राहू द्यावा. बाया त्यावर धुणे आपटतात, दगड उपयोगी आहे.

त्यांनी माझ्या हयातीत मला एकदा पाडले, मी त्यांना दोनदा. यंदा मी आजारी पडल्याचे कळल्यावर ते काठी टेकत तीन वेळा येऊन गेले. राजकारणाचे काही बोलले नाहीत. यजमानांच्या टरबुजांना चांगले म्हणाले, त्यावरून माणूस किती बदलतो ते कळले. इरम्माने दर दिवाळीला शेरभर ताजा खवा त्यांना द्यावा. घरपोच करू नये. त्यांनी भट्टीवर यावे आणि बायांबरोबर रांगेत उभे राहावे.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी मी आबारावांनाच बोलावले. जन्मभर विरोधात असलेल्या माणसाच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही, हा माझा हिशेब. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. शेवटच्या कलमापाशी थांबले, पुन्हा वाचले. मग पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "चेअरमनसाहेब, एक सांगतो. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतंय त्यानं साक्षीला राहू नये. उद्या कोणी बोट दाखवील. तुम्ही सही करणार असाल तर बाईंना खव्याचं कलम खोडावं लागेल."

आबारावांनी भट्टीकडे मान वळवली. भट्टीवरून वास येतच होता. मग त्यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "साक्षीला दुसरं कोणी बघा, बाई. मी रांगेत उभा ऱ्हाईन."

म्हणून शेजारचे हरिबा यांना बोलावून घेतले. कागद सर्वांसमक्ष वाचून दाखवला. वाचताना यजमानांनी गोठ्यातले हसणे पुन्हा नाकबूल केले. मी ते खोडलेले नाही.

हिवरदरा, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद
गुरुवार, दिनांक १९ नोव्हेंबर १९८७

सही: धुरपदाबाई उत्तरेश्वर शेळवणे

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली व बाईंसमोर आम्ही केली:
१. डॉ. महालिंगप्पा, भूम
२. हरिबा, निवृत्त पोस्टमन, हिवरदरा

आबाराव नलवडे, माजी चेअरमन व विद्यमान आमदार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होते. सही केली नाही.