थामींना मोठा फोन पाठवू नका

मेकनेस,
रविवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

आदरणीय लल्ला तुरिया वन्संना भावजय हनियाचा सलाम.

वन्सं, आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करते आणि मग तुमची, कारण सध्या आमच्याकडे त्याचा मान मोठा आहे. शुक्रवारी कुसकुस ताटात पडला की पहिली दुआ त्याच्यासाठी होते, मग गेलेल्यांसाठी आणि मग आमच्यासाठी. टाके निघाले का? ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी तुम्हाला विमानात बसू दिलं नाही म्हणून तुमच्या भावाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, कारण तुम्ही लंगडत आला असतात तरी नाचल्याशिवाय राहिला नसतात. आम्ही सगळे खुशाल आहोत. माझं ब्लडप्रेशर यांच्या स्वभावाप्रमाणे वर-खाली होतं. मुनिया सासरी रुळली आहे. (सासू बोलते कमी आणि रांधते चांगलं. पोरीनं नशीब काढलं.) धाकटी शुरूक अजून आपल्यालाच शहाणी समजते.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही मला गुपचूप विचारलंत की भावाला किती जागेचा फोन पाठवू, एकशे अठ्ठावीसचा, दोनशे छप्पनचा की पाचशे बाराचा, त्याचं उत्तर मी फोनवर कसं देणार? हे पेन्शनीत निघाल्यापासून घरातच असतात, आणि मी फोन कानाला लावला की यांना नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं. टाईप करावं तर माझ्या बोटांना ती चिमुकली अक्षरं सापडत नाहीत. मंगळवारी आपला द्रिस गाडी घेऊन ब्रसेल्सला परत निघतोय, त्याच्याजवळ ऑलिव्हची बरणी देते आहे, तिच्याबरोबर हे पत्र.

तर वन्सं, माझं स्पष्ट मत असं, की माणसाला फोनमध्ये फारशी जागा लागतच नाही. मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण एका वर्गाचा फळा दुसऱ्या वर्गासाठी ठेवला नाही. तास संपला की पुसला. फोनचंही मी तेच करते. रात्री ओटा पुसते, मग फोन पुसते आणि मग झोपते. कोणी नातवंडाचा फोटो पाठवला तर बघते, माशाअल्लाह म्हणते आणि काढून टाकते. नातवंड काही त्याने कमी होत नाही. शुरूक म्हणते, अम्मी, तुझा फोन दुकानात होता तेव्हा जास्त भरलेला होता.

आणि तुमचे भाऊ. यांनी आयुष्यभर मेकनेस ते फेस शहर अशी बस चालवली, आणि बसमध्ये जागा नसली तरी दार उघडायचंच, ही सवय यांनी घरी आणली. यांच्या फोनमध्ये काय नाही? दर बकरी ईदचा बोकड आहे, समोरून, बाजूने आणि (माफ करा) मागूनसुद्धा. कापलेली कलिंगडं आहेत, कारण फिकं निघालं तर विकणाऱ्याला दाखवायला पुरावा हवा. (आजवर एकदाही दाखवलेला नाही, आम्ही फिकंच खातो.) गाडी कुठे लावली ते विसरू नये म्हणून काढलेले फोटो आहेत, त्यात फक्त गाडीच दिसते, जागा दिसत नाही. खिशात असताना फोनने आपल्या मनानेच काढलेले खिशाचे फोटो आहेत. मी एकदा म्हटलं, हे अंधाराचे फोटो तरी काढून टाका. तर म्हणाले, "हनिया, तो निळ्या कोटाचा खिसा आहे. तो कोट आता कुठे आहे?"

आता जे घडलं ते सांगते. मुनियाच्या लग्नाचं चित्रण तुम्हाला त्याच रात्री पाठवायचं, हे यांनी तुम्हाला कबूल केलं होतं. हॉलवाल्याचा कॅमेरावाला होता, पण त्याची फिल्म दोन महिन्यांनी मिळते आणि तो सगळ्यांचे चेहरे गुलाबी करतो. हॉल तळघरात, तिथे फोनला रेंज नाही, त्यामुळे तुम्हाला थेट दाखवणंही शक्य नव्हतं. तेव्हा बापाने स्वतः फोन धरायचा असं ठरलं. हे आठवडाभर सराव करत होते. दिवाणखान्यात शुरूकला डोक्यावर उशी घेऊन गोल फिरायला लावायचे आणि मागून फोन धरून चालायचे. त्या सरावाचं चित्रणही यांनी ठेवलं, हे नंतर कळलं.

लग्नात सगळं नीट चाललं होतं. पाहुण्यांना खजूर आणि दूध दिलं, मुनियाचे दोन पोशाख बदलून झाले, तुमचे भाऊ नव्या पायघोळ जेलाब्यात एखाद्या मंत्र्यासारखे हिंडत होते. मग अम्मारिया आली. चार तगडे गडी, शुभ्र कपडे, आणि त्यांच्या खांद्यावर ती चंदेरी पालखी. मुनिया आत बसली. नवरी सजवणाऱ्या लल्ला बतूलने हात वर केला, बायकांनी घोष केला, गड्यांनी पालखी उचलली, आणि तेवढ्यात तुमचे भाऊ मध्ये जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा."

सगळं थांबलं. ढोलवाल्याचा हात हवेत राहिला. मला वाटलं यांना चक्कर आली. जवळ गेले तर फोन पुढे केला आणि लहान मुलासारखं तोंड करून म्हणाले, "जागा संपली म्हणतोय."

लल्ला बतूल म्हणाली, "सी थामी, पोरगी वर आहे."

"असू दे," हे म्हणाले. "तिची आत्या ब्रसेल्सला पाय वर करून वाट बघतेय. मी दोन मिनिटांत जागा करतो."

आणि वन्सं, तुमचे भाऊ तिथेच, हॉलच्या मधोमध, कोणीतरी पुढे केलेल्या खुर्चीवर बसले आणि एकेक फोटो बघायला लागले. काढायला नव्हे, बघायला. त्यांच्याभोवती कोंडाळं जमलं. पहिलाच बोकड निघाला तसे तुमचे धाकटे मामा म्हणाले, "अरे, हा तर तो ज्याने माझी टोपी खाल्ली, हा नको काढूस." दुसऱ्या बोकडाची शिंगं सुरेख होती. कलिंगडांपाशी आले तेव्हा मुलाकडच्या एका काकांनी, ज्यांची आमची ओळख त्याच दिवशी झाली होती, एका फोडीकडे बोट दाखवून विचारलं की असं लाल कलिंगड कुठे मिळालं. मग यांनी तो दुकानदार, त्याचा बाप आणि त्यांच्या विहिरीचं पाणी, सगळं सांगितलं. वर मुनिया पालखीत बसून होती. डोक्यावर तो जड मुकुट, म्हणून तिला खाली वाकताही येईना. गडी एकमेकांकडे बघत होते. त्यातला डावीकडचा घामाने डबडबला आणि हळूच म्हणाला, "हाज, आम्ही गोल फिरायचे पैसे घेतो, उभं राहायचे नाही." (यांनी अजून हज केलेली नाही, पण हाज म्हटलं की हे विरघळतात. तेव्हा मात्र विरघळले नाहीत.)

शेवटी शुरूक गर्दीत घुसली. तिने यांच्या हातातून फोन घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, बोकडांनी काही जागा घेतलेली नाही. सगळी जागा आत्याने घेतलीय."

वन्सं, रागावू नका, पण ते खरं निघालं. तुमच्या शुक्रवारच्या शुभेच्छा, ते उमलणारे गुलाब, ते वाफाळणारे कप, आणि सगळ्यात जास्त तुमचे आवाजी निरोप. तुम्ही बाजारातून घरी येईपर्यंत बोलत येता. लिफ्टमधला आवाज, किल्ल्यांचा आवाज, शेजारणीशी फ्रेंचमध्ये झालेलं भांडण, मासा कसा साफ करायचा, हे सगळं त्यात आहे. शुरूक म्हणाली, "एक बटण दाबते, सगळे जातात. आत्या काय, उद्या पुन्हा बोलेल."

यांनी फोन तिच्या हातून काढून छातीशी धरला. मोठ्याने बोलले नाहीत, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "मी दाढी करताना तिला ऐकतो. रोज नवं नसतं, मग जुनं लावतो. यातलं काही जाणार नाही."

मला त्या क्षणी राग आला, हे लपवत नाही. पोटची पोर चार माणसांच्या खांद्यावर लटकतेय आणि बाप बहिणीचा मासा सोडायला तयार नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात वरून मुनियाचा आवाज आला. मान न हलवता, समोर बघत, अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, अम्मीचा फोन रिकामा आहे."

हे कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि तो माझ्या पर्समध्ये होता. पर्समध्येच होता कारण जेवणाआधी मी त्याच्यात बघून ओठांची लाली नीट केली होती. आरसा कोण बाळगतं आता? मी फोन यांच्या हातात दिला, शुरूकने घाईघाईत लाल ठिपका दाबून दिला, ढोल वाजला, गडी सुटल्यासारखे फिरायला लागले. इतके जोरात फिरले की मुनियाचा एक हात सगळा वेळ मुकुटावरच होता. हे त्यांच्या मागून, पुढून, मध्ये येणाऱ्या पोरांना चुकवत, हात लांब करून चालत होते. पालखी टेकेपर्यंत फोन एकदाही खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे झोपलेले असताना शुरूकने ते बघायला घेतलं आणि मला स्वयंपाकघरातून ओढून नेलं. म्हणाली, "अम्मी, तू लाली लावून कॅमेरा उलटा केलाच नाहीस." वन्सं, त्यात मुनिया नाही. पालखी नाही, ढोलवाला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त तुमचे भाऊ आहेत. यांनी पडद्याकडे बघितलंच नव्हतं, यांचे डोळे सगळा वेळ तिच्यावर होते. सुरुवातीला हसतायत. मग ओठ घट्ट मिटतायत. मग डोळे भरतायत, आणि मग रडू थांबतच नाही. नाक वाहतंय, मिशी भिजलीय, दुसऱ्या हाताने लोकांना बाजूला व्हा म्हणून खुणावतायत आणि तरी चालतायत. मधेच कोणीतरी त्यांच्या तोंडात बदामाची वडी घालतं, तर रडत रडत ती खातात. शुरूकने चित्र थांबवून मोठं केलं तेव्हा दिसलं, यांच्या जाड चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक इवलीशी चंदेरी पालखी गोल फिरतेय.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. यांच्या अम्मी गेल्या तेव्हाही यांनी माझ्याकडे पाठ करून डोळे पुसले होते. मी हा चेहरा तोवर पाहिलाच नव्हता.

असो. मुद्दा जागेचा होता. हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं ते एवढ्यासाठी, की यांना मोठा फोन पाठवू नका. मोठी बस दिली तर हे मोठी गर्दी भरतील. आहे त्यात सगळं बसत नाही म्हणून निदान कधीतरी खुर्चीवर बसून काय काय जमवलंय ते बघतात तरी. माणसाला जेवढं पुन्हा बघायचंय तेवढीच जागा पुरे, आणि पुन्हा बघावं असं आयुष्यात फार थोडं असतं, हे माझं मत कायम आहे. गुडघ्यावर ऊब ठेवा, जिना टाळा, आणि ऑलिव्ह काढताना बरणीत ओला चमचा घालू नका.

तुमच्या दुआंची भुकेली,
हनिया

ता. क. द्रिसच्या डाव्या खिशात एक छोटा पेन ड्राइव्ह आहे. त्यात तो व्हिडिओ आहे. एकटी असाल तेव्हा बघा आणि जवळ रुमाल घेऊन बसा.

ता. क. दुसरं. पाचशे बाराचा फोन पाठवलात तरी चालेल, फक्त तो माझ्या नावाने पाठवा. त्या व्हिडिओने माझ्या फोनचा पाचवा हिस्सा भरला. मग शुरूकने मला त्याच्या चार प्रती करून दिल्या, न जाणो एखादी बिघडली तर. आता मला साधा भाजीचा फोटो काढता येत नाही. रात्री ओटा पुसून होतो, फोन मात्र पुसणं होत नाही. बघत बसते.

ता. क. शेवटचं. तो व्हिडिओ चुकून पुसला गेला असं मी यांना सांगितलं आहे. हे दोन दिवस हळहळले, मग म्हणाले, जाऊ दे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आवाजी निरोपात याबद्दल एक शब्द काढू नका, तुमचे निरोप हे सगळ्या गल्लीला ऐकवतात. शुरूकचं लग्न अजून व्हायचंय. आपल्याकडे कोणी बघतंय हे एकदा कळलं, की तिच्या वेळी हे मोकळेपणाने रडायचे नाहीत.