उभ्या विमानाची खोड

८ डिसेंबर २०१३

मोनाली आली! हातात एक बॅग, एक पान्यांची पेटी, आणि तिच्या मागं आभाळातून तीन विमानं.

खरं सांगतो. लोकांच्या पोरी माहेरी येतात तर पिशवीत चिवडा आणतात. आमची नात विमानं घेऊन आली.

मोनाली म्हणजे माझ्या लोकेशची पोरगी. विमान कंपनीत दुरुस्तीची इंजिनियर आहे. गावात सगळे तिले पायलट म्हणतात. मी कोणाले सुधारत नाही, कायले सुधारू?

तिची कंपनी लहान जेट विमानं विकून टाकून राहिली. आता म्हणे सगळी मोठीच घेणार, सगळी एका जातीची. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ही तीन ठेवायची कुठं? मोठ्या शहरात जागा नाही. मग आमच्या बिरसीच्या विमानतळावर आणून उभी केली. अन् त्यांच्या देखभालीले कोण, तर मोनाली. विमानतळ घरापासून सायकलच्या टप्प्यात!

मी म्हटलं, "म्हणजे तू आता इथंच?"

म्हणाली, "शेवटचं विमान विकेपर्यंत, आजी. मग नाही. माझा परवाना ह्याच जातीच्या विमानाचा आहे. मोठ्यांसाठी त्यांनी दुसरी माणसं घेतली."

मी तेवढंच ऐकलं. विकेपर्यंत.

११ डिसेंबर

अल्का म्हणते, "आई, मी तुमची सून आहो, टायपिंगवाली नाही." मी म्हटलं, लिही, हेही लिही. मले अक्षर येत नाही म्हणून तर तुले सांगतो. येत असतं तर तुझ्याबद्दल याहून जास्त लिहिलं असतं!

१९ डिसेंबर

आज जेवताना मोनालीले विचारलं, उभ्या विमानाची कायची देखभाल? ते काय चारा खाते?

तर म्हणते, उभं विमानच जास्त काम लावते. चाकं थोडी थोडी फिरवावी लागतात, नाहीतर एकाच जागी दबून चपटी होतात. इंजिन मधूनमधून सुरू करावं लागते. तोंडाले झाकण लावावं लागते. काल झाकण जरा सरकलं होतं, तर साळुंकीनं आत काड्या नेऊन ठेवल्या! मोनाली आत हात घालून काड्या काढे, अन् साळुंकी पंखावर बसून तिले शिव्या दे.

मी म्हटलं, साळुंकीचं बरोबर आहे. घर रिकामं दिसलं, तिनं संसार मांडला.

मग विचारलं, चांगली चालणारी विमानं विकतात कायले? म्हणाली, सगळी एका जातीची असली की सामान एक, शिकवण एक, खोळंबा कमी. कळलं मले. सगळ्या बांध्यांत एकच धान लावल्यावाणी. कापणी सोपी होते, खरं आहे. पण एका वर्षी त्याच धानावर कीड आली की सगळ्याच बांध्या जातात. हे कंपनीले कोण सांगणार! मी सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही.

१२ जानेवारी २०१४

पहिलं विमान गेलं. कोणत्या तरी दूरच्या देशात.

मोनाली संध्याकाळी आली, सायकल भिंतीले टेकवली अन् ओसरीवर नुसती बसली. डोळे लाल. मी म्हटलं, "दावं ठेवून घेतलं का?"

"कायचं दावं?"

काय शिकवलं हिले कॉलेजात! बैल विकला तरी दावं विकत नाहीत. जनावर जाते, दावं आपल्या घरी राहते. नाहीतर गोठ्याची बरकत त्याच्यासंग जाते. तिचे आजोबा यादोराव ढवळ्या-पवळ्याले सोडून आले तेव्हा बाजारातून दावं खांद्यावर टाकूनच आले होते. घरी आले अन् न जेवता झोपले.

मोनालीनं खिशात हात घातला, एक लाल पट्टी काढली. पांढऱ्या अक्षरात काही लिहिलेली. विमान उभं असताना लावतात, उडायच्या आधी काढतात म्हणे. तिनं न विचारताच ठेवून घेतली होती.

मी म्हटलं, हेच दावं. अल्कानं ते खुंटीले टांगलं. पोरगी जेवली मग.

२ फेब्रुवारी

दुसरंही गेलं. आता एकच.

शेजारची शामकला आली, मले हळूच म्हणते, "भागीरथाबाई, विमान विकू नये म्हणून मी देवीले नारळ बोलून ठेवू का?" मी म्हटलं, बाई, आमच्या घरचे नवस छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच बंद झाले. तुले बोलायचा तर तुझ्या नावानं बोल. अन् फुटला तर खोबरं इकडं पाठव!

६ फेब्रुवारी

अल्काले भीती आहे. पोरगी दूर जाईल म्हणून. भाजीत मीठ दोनदा पडते. भित्री आहे बिचारी. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीत वाकून पाहायले भ्यायची.

मी तशी नाही. मी मोनालीले रोज म्हणतो, जा, जग पाहा, माझी काळजी नको.

पण पोरगी घरी असली की चुलीवर भाताचा मोठा गंज चढते. तेलकट काळे हात घेऊन येते, मी राखेनं घासून देतो. साबणानं निघत नाही ते राखेनं निघते. सतराव्या वर्षी शिकायले गेली, त्याच्यानंतर ह्या हिवाळ्यातच ती माझ्या हाताले लागली.

अल्का, हे लिहिलं का? बरं. लिहिलं तर राहू दे.

१३ फेब्रुवारी

आज पाहुणे जेवायले होते! आफ्रिकेतून आलेला एक उंच माणूस, विमान घेणारा. अन् कंपनीचा साहेब, विकणारा. बिरसीत हॉटेल कुठं आहे? मोनालीनं घरी आणलं. भात, लाखोळीची डाळ, बोडीच्या पाण्यातल्या मासोळ्या. पाहुणा हातानं जेवला, भात दुसऱ्यांदा मागितला. त्याच्या देशात धान होते म्हणे. माणूस वाईट नव्हता. हेच तर वाईट झालं.

जेवण झाल्यावर मी साहेबाले विचारलं, सौदा कसा करता, बैलबाजारातल्यावाणी रुमालाखाली बोटं धरून? साहेब हसला. मग मी पदर नीट केला अन् पाहुण्याले हिंदीत म्हटलं, "देखो भाऊ, ये तीसरा वाला थोडा खोडी है. ठंडी में चालू होने को रोता है. और बाएँ इंजन में से कण्हने का आवाज आता है."

साहेब खोकायले लागला. पाहुणा म्हणे, काय म्हणाली, सांगा. साहेब म्हणे, काही नाही, म्हातारी आहे. पाहुण्यानं सोडलं नाही. शेवटी इंग्रजीत सांगावंच लागलं.

आता ह्यात माझं काय चुकलं? बैलबाजाराचा रिवाजच आहे. जनावर विकायचं नसलं की घरची बाई पुढं येते अन् त्याची खोड सांगते. गिऱ्हाईक समजून जाते, की ह्यांचं मन नाही. रागवत नाही. पाणी पिते, रामराम करते अन् पुढच्या दावणीकडं जाते. कोणी त्या बैलाले वैद्याकडं नेत नाही!

पण हा पाहुणा आमच्या बाजारातला नव्हता. त्यानं हात धुतला, वही काढली अन् लिहून घेतलं. डावं इंजिन. आवाज.

मोनाली माझ्याकडं पाहत होती.

१४ फेब्रुवारी

सौदा थांबला. पाहुणा म्हणते, इंजिन उघडून पाहू, नाहीतर नको. साहेब फोनवर ओरडत होता, ओसरीपर्यंत ऐकू आलं.

पाहुण्यानं मोनालीले सरळ विचारलं म्हणे, तुझी आजी म्हणते ते खरं का? तिनं सांगितलं, "उद्या सांगतो."

उद्या कायले? मले कळते कायले. ती नुसती 'हो' म्हणाली, नाहीतर गप्प बसली, तरी विमान इथंच राहते. विमान राहिलं की ती राहते. सकाळी सायकल, संध्याकाळी राखेनं हात. एवढं सोपं आहे.

आज पौर्णिमा. मी विहारात गेली. सगळ्यांसंग पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाले आलो, खोटं बोलणार नाही ह्या ओळीले, अन् माझा आवाज बसला. शेजारची जमुनाबाई म्हणे, खोकला झाला का? मी म्हटलं, हो.

म्हणजे आणखी एक खोटं. त्याच जागी बसून!

१५ फेब्रुवारी

सांगितलं तिनं.

पाहुण्याले विमानापाशी नेलं. म्हणाली, "आजी बोलली ते बाजाराचं बोलणं आहे, मशीनचं नाही. आमच्याकडं विकायचं नसलं की असं म्हणतात." मग त्याच्यासमोर डावं इंजिन सुरू केलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं, मेलं! कण्हलंही नाही, रडलंही नाही. मग तिनं स्वतःच सांगितलं, खरी खोड दुसरी आहे. मागच्या दाराचं रबर झिजलं, ते बदलून घ्या. साहेबाचं तोंड उतरलं. ते त्यानं लपवून ठेवलं होतं.

पाहुणा खूप हसला म्हणे. म्हणाला, विमान घेतो. अन् ही पोरगीही द्या. माझ्याकडं अशी पाच लहान विमानं आहेत, ह्याच जातीची. मोठी घ्यायले आमच्याकडं तेवढे प्रवासीच नाहीत.

घ्या! मी एक विमान अडवायले गेली, अन् पोरगीच सौद्यात गेली.

१६ फेब्रुवारी

बोलली नाही मी तिच्याशी.

१८ फेब्रुवारी

बोलली. किती दिवस तोंड शिवून ठेवू? म्हटलं, "तुले गप्प बसायले काय झालं होतं?"

माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "आजी, बसणारच होतो. खरंच. रात्रभर तेच ठरवलं होतं. पण मग आयुष्यभर त्या विमानाकडं पाहताना मले वाटलं असतं, हे चांगलं चालते अन् मी ह्याले आजारी म्हणून बांधून ठेवलं."

मी म्हटलं, विमानाचंच बोलून राहिली ना?

ती हसली.

मी विचारलं, रात्री ठरवलं होतं, तर सकाळी डोक्यात हे कोणी घातलं? म्हणाली, "कोणी नाही." अन् उठून सायकल पुसायले गेली. कोरडीच होती सायकल.

९ मार्च

पासपोर्ट, डॉक्टर, फोटो. घरात हेच. लोकेश राइस मिलवरून येते अन् नकाशा पाहत बसते. अल्कानं लाखोळीची डाळ बांधून दिली. मोनाली म्हणे, आई, तिकडं डाळ मिळते. अल्का म्हणे, ही नाही मिळत.

मीही काही द्यावं म्हणून राखेची पुडी बांधली. मोनाली म्हणाली, विमानतळावर पोलीस विचारतील हे काय आहे. मी म्हटलं, सांग, आजीचा साबण आहे. तिनं घेतली नाही. अन् मग घेतली.

२३ मार्च

गेलं.

मी जाणार नव्हती. घरीच बसणार होती. मग इंजिनाचा आवाज आला अन् पाय आपलेच शेताच्या धुऱ्यावर गेले. अर्धं गाव तिथंच. शामकला मले म्हणे, कोणत्या खिडकीत आहे हो? मी म्हटलं, सगळ्याच.

धावत आलं, उचललं. डावं इंजिन एकदम चांगलं वाजत होतं. मी कान देऊन ऐकलं, आवाज काही सापडला नाही. उन्हात पोट चमकलं, मग चिंचेच्या पलीकडं लहान लहान होत गेलं. पोरंटोरं हात हलवत होती. मी नाही हलवला. दोन्ही हात कपाळावर धरले होते, उन्हासाठी.

२५ मार्च

पोहोचल्याचा फोन आला. बोलली बरंच. हात काळे झाले आहेत म्हणे.

२९ मार्च

आज अल्काले म्हटलं, माय असून तुझ्या डोळ्याले पाणी नाही! मी इथं रोज पदर ओला करून राहिलो, अन् तू भांडे घासते.

तिनं लिहिणं थांबवलं. म्हणाली, "आई, पाहुण्याले उत्तर द्यायचं होतं त्या सकाळी मीच गेली होती तिच्याकडं. म्हटलं, खरं सांग अन् निघ. आजीसाठी राहशील तर राहूनच जाशील."

मी म्हटलं, तू? तुले कायले सुचलं हे?

"लग्नाच्या वर्षी नर्सच्या शिक्षणाले भंडाऱ्यात माझं नाव लागलं होतं. मले कोणी म्हटलं नव्हतं, आई. जा म्हणून."