बिनआवाजाची डिस्क

३ फेब्रुवारी

पुन्हा एक अर्धविराम राहिला! एवढ्याशा टिंबापायी सगळं पहिल्यापासून. कम्पायलर एका फ्लॉपीवर, मी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर, आणि यंत्राला तोंड एकच. ही काढा, ती घाला, मग खर्र-खर्र, खर्र-खर्र. माझं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवायला त्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात एक भाजी चिरून फोडणीला टाकून होते. आणि शेवटी उत्तर काय, तर अमुक ओळीत चूक!

खरखर सुरू झाली की मी उठून बाबांच्या खोलीत जाते. नुसतं बसून दुसरं करणार काय? आज त्यांची दाढी करायला घेतली. एक गाल झाला, दुसऱ्यावर साबण, तेवढ्यात आवाज थांबला. चूक बघून आले, सुधारली, पुन्हा खरखर लावली आणि दुसरा गाल केला. त्यांना मजा वाटली असावी, डोळे हसले.

ज्या माणसाने अख्ख्या बस स्थानकावर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या, त्याच्या तोंडून आता एक अक्षर फुटत नाही. घरीसुद्धा पुकारायचे – ‘जेवण फलाट दोनवर लागले आहे, प्रवाशांनी त्वरित हात धुवावेत!’ दादा आणि मी धावत सुटायचो.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. पंचवीस तारखेला बाबांना कायमचं घेऊन जाणार. वहिनीने खोली रिकामी केलीसुद्धा.

‘वेडाबाई, एकटी किती दिवस खपशील? नोकरी आहे ना तुला?’

‘बाबांना विचारलंस?’

‘मागे आलो तेव्हा विचारलं की. हो म्हणाले.’

अरे, ते सगळ्यालाच हो म्हणतात! पक्षाघातापासून मान एकाच दिशेने हलते. मी विचारलं, इथेच राहायचं ना? हो. दादाकडे जायचं? हो. पाऊस पडतोय का, लख्ख उन्हात विचारलं – हो. वाचा शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, ‘त्यांना सगळं समजतं, वाचताही येतं. मानेवर तेवढा विश्वास ठेवू नका.’

म्हणून तर हा खटाटोप. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं, त्यांच्यावरून सरकणारा चौकोन, बाबांच्या डाव्या हाताखाली एक बटण. हवं त्या अक्षरावर दाबायचं. ऑफिसातून रजा काढली आहे, पंचवीसच्या आत झालं पाहिजे. त्यांच्या आयुष्याचा निर्णय त्यांना न विचारता होता कामा नये.

आणि मला त्यांना सोडायचं नाही. हेही लिहून ठेवते, इथे कोण बघतंय!

७ फेब्रुवारी

‘ळ’ अजून जमत नाही. ठिपके ठिपके जोडून काढला तर जिलबी दिसते.

९ फेब्रुवारी

ऑफिसातला दाढीवाला संध्याकाळी आला, यंत्राची मेमरी वाढवायचं कार्ड मला वापरायला घेऊन. माझी फ्लॉप्यांची अदलाबदल बघून त्याने कपाळाला हात लावला. ‘अगं, मेमरीतच एक खोटी डिस्क कर! यंत्राला वाटेल खरीच आहे. कम्पायलर तिच्यात भर आणि मग बघ गंमत.’ फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही. जाता जाता दारातून ओरडला, ‘पण वीज गेली की पाटी कोरी, लक्षात ठेव!’

१० फेब्रुवारी

काय सांगू! चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवते तोवर तयार! आवाजसुद्धा नाही. चूक – सुधार – चालव – चूक – सुधार. सकाळी एकदा फ्लॉपीवरून सगळं भरताना खरखर झाली, तेवढ्यात माझी आंघोळ उरकली. मग दिवसभर शांत.

आज जेवायची वेळ सोडली तर खुर्चीतून उठलेच नाही. ‘ळ’ झाला. जोडाक्षरं झाली. दाढी मावशींनी केली. मावशी म्हणजे दिवसा बाबांचं करायला येतात त्या. हात हलका आहे त्यांचा.

१३ फेब्रुवारी

चौकोन आता हवा तेवढा हळू सरकतो. खोडायचीही सोय केली.

मावशी म्हणाल्या, ‘ताई, कुणी यायचंय का? साहेब सारखे दाराकडे तोंड करून असतात.’ वारा लागत असेल म्हटलं. कूस बदलून द्यायला सांगितली.

१५ फेब्रुवारी

गेलं. सगळं गेलं!

चूक माझीच. वेगाची चटक लागली, मग कम्पायलरबरोबर माझा प्रोग्रामही त्या खोट्या डिस्कवरच ठेवत गेले, यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून. संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवू, उद्या उतरवू. आज टीव्ही बंद करून औषधं आणायला गेले. मावशींना बाबांच्या सदऱ्यांना इस्त्री करायची होती. टीव्ही काळा दिसला, त्यांनी यंत्राचाच प्लग काढला.

मी नको तेवढी ओरडले. बिचाऱ्या इस्त्री हातात धरून उभ्या. ‘मला काय ठाऊक ताई, बंदच दिसलं!’ बरोबरच आहे. बंदच दिसत होतं.

मग बाबांच्या उशाशी जाऊन बसले. म्हटलं, बाबा, पाच दिवसांचं काम पाण्यात गेलं. मान हलली – हो. मला रडता रडता हसू फुटलं. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. शेवटी मीच सोडवलं, लिहायला बसायचं होतं.

१६ फेब्रुवारी

मावशींची माफी मागितली. ‘असू दे हो,’ म्हणाल्या, पण दिवसभर यंत्राच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी

आता शहाणी झाले. प्रत्येक दुरुस्तीनंतर फ्लॉपीवर नक्कल. क्षणभर खर्र होतं, की आतून बाबांची खाट करकरते. दर वेळी! आवाजाने झोपमोड होत असेल. मधलं दार लावून घेतलं.

२१ फेब्रुवारी

चाललं!! दाराच्या घंटीचं बटण जोडलं, ते बाबांच्या तळहाताखाली ठेवलं. चौकोन सरकतोय, मी श्वास धरून. बाबा किती तरी वेळ नुसतेच बघत राहिले. मग दाबलं. म. पुन्हा शांत. मला वाटलं माझ्यासाठी काही येतंय. पडद्यावर आलं –

मीठ

मावशी आधी बघतच राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ‘अगं बाई! डॉक्टरांनी कमी सांगितलंय हो, साहेब!’ बाबांनी पुन्हा बटण दाबायला घेतलं. मीठ. मीठ. मी गळ्यात पडून रडले. हा माझा बाप! मान काहीही म्हणो, हा माणूस आत जसाच्या तसा आहे.

संध्याकाळी चिमूटभर घातलं.

२४ फेब्रुवारी

दादा आला. ‘मीठ’ ऐकून पोट धरून हसला, मग बाहेर जाऊन डोळे पुसून आला. भला माणूस आहे, मी उगाच त्याला मनात शिव्या घालते.

‘ठीक,’ म्हणाला. ‘उद्या आपण दोघं समोर बसू. ते जे लिहितील ते. मग तू कुरकुर करायची नाही आणि मीही नाही.’

‘कबूल!’ मी टाळीच दिली. मला माहीत आहे ते काय लिहिणार. त्यांच्यासाठीच तर तीन आठवडे डोळे फोडले. उद्यापासून वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेले व्यायाम. खिडकीशी खाट हलवायची. सुचेल तेवढं करायचं.

२५ फेब्रुवारी

दादाकडे.

मला वाटलं बोट चुकलं. खोडून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दादा म्हणाला, ‘राहू दे ना.’ मी ऐकलं नाही. का, बाबा? चौकोन सरकत राहिला, चहा गार झाला. मग पडद्यावर एवढंच –

खरखर झाली की यायचीस

मी म्हटलं, बाबा, मी तर शेजारच्याच खोलीत होते.

मान हलली. हो.